मुलाने सांगितलं, आता पुढे काय? पोक्सोच्या प्रक्रियेत पाऊल टाकणाऱ्या घरांसाठी

तुमच्या घरातल्या, वर्गातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाने नुकतंच काही सांगितलं असेल आणि तुम्हाला पुढचं काही सुचत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत बाल कल्याण समिती, म्हणजे मुलांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात असलेली सरकारी समिती, मुलासोबत एक सहायक व्यक्ती नेमते. त्या नात्याने मी मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर पोलीस ठाण्यात, रुग्णालयात आणि न्यायालयाबाहेरच्या बाकांवर बसत आले आहे. बहुतेक घरांना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट छळते: कुठे जायचं, कुणाला काय सांगायचं आणि कोणता कागद कशासाठी, हे कुणी नीट सांगत नाही.

वाचताना एक गोष्ट मनात पक्की धरा. झालेली हकिकत मुलाला जितक्या कमी वेळा सांगावी लागेल, तितकं चांगलं. पुढची प्रत्येक पायरी याच मापाने तपासा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलाची फरफट होऊ नये म्हणून त्यात बऱ्याच सोयी आहेत, पण अनेकदा त्या आपण मागितल्या तरच मिळतात. हा कायदा १८ वर्षांखालच्या सर्वांसाठी आहे, मुलगे आणि मुली दोघांसाठी.

१. आधी ऐका, चौकशी करू नका

मुलं बसून सविस्तर सांगत नाहीत. अंघोळ घालताना, गाडीवर मागे बसलेली असताना, झोपायच्या आधी एखादं वाक्य बोलतात: "मला त्या काकांकडे नाही जायचं." मग तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. पुढचं वाक्य येणार की नाही, ते तुमच्या चेहऱ्यावर ठरतं. म्हणून हातातलं काम सावकाश बाजूला ठेवा, मुलाच्या उंचीवर बसा आणि त्याला बोलू द्या.

म्हणण्यासारखं थोडंच असतं. "तू सांगितलंस ते फार बरं केलंस." "माझा तुझ्यावर विश्वास आहे." "यात तुझी काही चूक नाही." आणि मधे विचारायचंच झालं तर, "मग काय झालं?"

"त्याने तुझ्या चड्डीत हात घातला का?" असे प्रश्न विचारू नका. आईवडिलांच्या तोंडून हा प्रश्न काळजीपोटीच येतो. पण उत्तर त्या प्रश्नातच दडलेलं असतं आणि पुढे उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील हेच धरून बसतो की मुलाला पढवलं आहे. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हेही विचारू नका. मुलाला त्यात आरोप ऐकू येतो.

"मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. त्याऐवजी सांगा: "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एक-दोन जणांना सांगावं लागेल. कुणाला सांगतोय ते तुला आधी सांगेन." मग ते खरंच आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी मूल म्हणू शकतं, "मी खोटं बोललो." असं वारंवार होतं. घरातला ताण, आईचं रडणं पाहून मुलाला वाटतं की हे सगळं आपल्यामुळे झालं. शब्द मागे घेतले म्हणजे काही घडलंच नाही, असं समजू नका.

हकिकत कळताच थेट त्या माणसाच्या दारात जाऊन जाब विचारायची ऊर्मी येते. ती आवरा. तो सावध होतो, मोबाइल साफ करतो, पळतो किंवा उलट तक्रार देतो. तुमच्या हातून मारहाण झाली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मुलाला सर्वांत जास्त ज्या माणसाची गरज असते, तोच कोठडीत जातो.

२. त्याच दिवशी लिहा आणि वस्तू जपा

मूल झोपल्यावर वही घ्या. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. त्याने शरीराच्या भागाला जो शब्द वापरला तोच ठेवा, सुधारू नका. तारीख, वेळ, कुठे आणि कशावरून बोलणं निघालं, तेव्हा आणखी कोण होतं, हे नोंदवा. मुलाला समोर बसवून व्हिडिओ काढू नका. असे व्हिडिओ नातेवाइकांच्या फोनवर फिरू लागतात आणि मुलाला तेच पुन्हा उगाळावं लागतं.

घटना ताजी असेल तर:

- तपासणी होईपर्यंत शक्यतो अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका.
- अंगावरचे कपडे आणि चादर कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहून पुरावा खराब होतो.
- मुलाला शौचाला जायचं असेल, तहान-भूक लागली असेल, तर अडवू नका. पुराव्याआधी मूल.

अंघोळ आधीच झाली असेल तर स्वतःला दोष देत बसू नका. वैद्यकीय पुरावा नसतानाही मुलाच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते.

फोनवर फोटो, व्हिडिओ किंवा मेसेज असतील तर काही पुसू नका आणि कुणालाही पुढे पाठवू नका, अगदी वकिलाच्या ओळखीच्या माणसालाही. मुलांचं लैंगिक चित्रण जवळ ठेवणं, पसरवणं हा पोक्सोखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. समोरच्याचा नंबर, खात्याचं नाव, तारीख-वेळ वहीत लिहा आणि फोन तसाच पोलिसांना द्या. जप्तीची पावती घ्या. असं चित्रण इंटरनेटवर दिसलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.

३. घटना ताजी असेल तर आधी रुग्णालय

लोक आधी पोलीस ठाण्यात जातात, तिथे तासन्‌तास बसतात आणि उपचाराची वेळ हातची निघून जाते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भधारणा टाळणाऱ्या गोळीचंही तसंच आहे. म्हणून घटना गेल्या तीन-चार दिवसांतली असेल तर सरळ रुग्णालय गाठा.

"आधी एफआयआर आणा," असं सांगून कुणी परत पाठवत असेल तर ते चूक आहे. पोक्सोच्या २७व्या कलमानुसार गुन्हा नोंदवलेला नसला तरी तपासणी होते आणि २०२० च्या पोक्सो नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी कोणताही कागद आधी मागता येत नाही. उपचार मोफत द्यायचे असतात, खासगी रुग्णालयालाही हे बंधन आहे. पोलिसांना कळवण्याचं काम रुग्णालय स्वतः करतं.

हे लक्षात ठेवा:

- मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करणार. पालक किंवा मुलाला विश्वासाचं वाटणारं माणूस खोलीत थांबू शकतं.
- प्रत्येक टप्प्याआधी डॉक्टरांनी मुलाला समजावून विचारायला हवं. मूल एखाद्या तपासणीला नाही म्हणालं, तरी उपचार थांबत नाहीत.
- कौमार्य तपासणारी तथाकथित "दोन बोटांची चाचणी" बेकायदा आहे. ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.
- तपासणी अहवालाची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय निघू नका.

अहवालात "जखम आढळली नाही" असं लिहिलेलं पाहून बऱ्याच घरांचा धीर सुटतो. अनेक प्रकारच्या अत्याचारांची शरीरावर खूणच राहत नाही आणि लहान मुलांच्या जखमा लवकर भरतात. त्या ओळीचा अर्थ तेवढाच घ्या.

घटना जुनी असेल तर इतकी घाई नाही, पण डॉक्टरांना एकदा दाखवाच. किशोरवयीन मुलीची पाळी चुकली असेल तर एक दिवसही घालवू नका. अत्याचारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत काढता येतो. त्यापुढे बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं आणि त्या धावपळीत आठवडे निघून जातात.

४. तक्रार

तक्रार कुणीही देऊ शकतं: आई, शेजारी, शिक्षक, डॉक्टर, मूल स्वतः. खरं तर ज्याला माहिती झाली, त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं १९व्या कलमाने बंधनकारक आहे. माहिती लपवली तर २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. "शाळेचं नाव खराब होईल, आपण आतल्या आत मिटवू," असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना एवढं एक वाक्य शांतपणे ऐकवलं तरी पुरतं. बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तक्रारीत झालेल्या दिरंगाईबद्दल कठोर शब्दांत सुनावलं.

"खोटी तक्रार म्हणून आमच्यावरच उलटलं तर?" ही भीती मी पुष्कळदा ऐकते. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती मुद्दाम, बदनामीसाठी रचलेल्या तक्रारीला. मुलाला तर कोणत्याही परिस्थितीत ती लागू होत नाही.

कुठे जायचं? जवळचं पोलीस ठाणं, किंवा फोनवर मुलांची हेल्पलाइन १०९८ अथवा आपत्कालीन क्रमांक ११२. हद्द आमची नाही, असं म्हणून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, मग तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. तरीही टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात उपायुक्तांकडे द्या, पोच घ्या, आणि बाल कल्याण समितीलाही तीच प्रत द्या. त्यानेही हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पहिल्या फेरीला मुलाला नेऊ नका. तुम्ही, तुमची वही आणि मुलाच्या वयाचा पुरावा, एवढ्यावर गुन्हा नोंदवता येतो.

सही करण्याआधी एफआयआर पूर्ण वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. तीन गोष्टी बघा. पहिली, तारीख. नक्की तारीख माहीत नसताना अंदाजाने एखादी घातली तर ती पुढे खटल्यात काट्यासारखी टोचते. "दिवाळीच्या सुट्टीत, दुपारच्या वेळी" असं मूल म्हणालं असेल तर तसंच लिहायला सांगा. दुसरी, मुलाचे शब्द. "दुष्कृत्य केले", "अश्लील चाळे केले" अशी ठोकळेबाज भाषा न वापरता मूल जे म्हणालं तेच यायला हवं. तिसरी, कलमं. मूल १२ वर्षांखालचं असेल, आरोपी नातेवाईक, शिक्षक किंवा संस्थेतला कर्मचारी असेल, किंवा प्रकार वारंवार घडला असेल, तर गुन्हा गंभीर स्वरूपाचा ठरतो आणि कलम ५-६ किंवा ९-१० लागतं. कलम ६ खाली किमान २० वर्षांची शिक्षा आहे. सुरुवातीला हलकं कलम लागलं असेल तर ते वाढवता येतं, पण त्यासाठी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर त्याच दिवशी घ्या.

घटना जुनी असली तरी तक्रार करता येते. १४ नोव्हेंबर २०१२ पूर्वी घडलेलं असेल तर पोक्सोऐवजी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं लागतात. आरोपी स्वतःच १८ वर्षांखालचा असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. त्यामुळे तुमच्या मुलाचे हक्क कमी होत नाहीत.

५. मुलाचा जबाब

पोक्सोचं चोविसावं कलम तोंडपाठ करा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाची नाही, आणि अंगावर गणवेश नाही. आरोपी मुलाच्या समोर येता कामा नये. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. पालक किंवा विश्वासाचं माणूस जवळ बसू शकतं. मूल ऐकू-बोलू शकत नसेल, गतिमंद असेल किंवा वेगळी भाषा बोलत असेल, तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक मिळतो. जबाबाचं चित्रीकरण व्हावं अशी विनंती जरूर करा. पुन्हा पुन्हा विचारणं त्याने टळू शकतं.

फोनवर नम्रपणे, पण स्पष्ट सांगा: "मूल घरीच आहे. मॅडमना साध्या कपड्यांत पाठवाल का? कायद्यात तशी तरतूद आहे." बहुतेक अधिकारी मान्य करतात. मनुष्यबळ नाही, असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

जबाब चालू असताना तुम्ही मधे बोलू नका, आठवण करून देऊ नका. मूल अडखळलं तर अडखळू दे. तुमच्यासमोर त्याला लाज वाटत असेल तर त्याच्या पसंतीची मावशी, आत्या, शिक्षिका बसू दे. वडील बाहेर थांबलेले बरे, असं काही मुली स्पष्ट सांगतात. वडिलांनी ते मनाला लावून घेऊ नये.

यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणखी एक जबाब होतो, पूर्वीच्या १६४ व्या, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ व्या कलमाखाली. तिथे आरोपीचा वकील नसतो. मुलाला एवढंच सांगा: "एक मॅडम किंवा सर विचारतील, जे झालं ते तुझ्या शब्दांत सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण."

६. बाल कल्याण समिती, आणि आरोपी घरातलाच असेल तर

पोलिसांना २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. समितीचं नाव ऐकलं की आया घाबरतात, मूल काढून घेतील म्हणून. मूल तुमच्याजवळ सुरक्षित असेल तर तसं होत नाही. आरोपी त्याच घरात राहत असेल, मूल एखाद्या संस्थेत असेल किंवा त्याला कुणाचाच आधार नसेल, तेव्हा मूल समितीसमोर आणलं जातं आणि तीन दिवसांत निर्णय होतो. निर्णय घेताना मुलाचं मत विचारलं जातं.

बाप, काका, आजोबा, भाऊ आरोपी असतात ती प्रकरणं सर्वांत अवघड. तिथे आई दोन्हीकडून चिरडली जाते: घर त्याच्या नावावर, पगार त्याचा, सासर त्याच्या बाजूने. अशा बाईला "ठाम राहा" एवढंच सांगून भागत नाही. राहायची जागा, किराणा आणि मुलांची शाळा यांची सोय झाली नाही, तर महिन्याभरात तक्रार मागे घ्यायचा दबाव तिला सोसवेनासा होतो. सखी वन स्टॉप सेंटर, महिलांची १८१ हेल्पलाइन, जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला. आणि शक्य तेव्हा आरोपी घराबाहेर जावा असा आग्रह धरा. मुलाला घर सोडायला लावलं तर त्याला ती शिक्षा वाटते.

सहायक व्यक्ती मागून घ्या. ती मोफत असते, तुमच्या संमतीने नेमली जाते, प्रत्येक पायरीला सोबत येते आणि समितीला दर महिन्याला अहवाल देते. तिच्याशी सूर जुळला नाही तर कारण न देता बदलून मागता येते.

७. एक फाइल तयार ठेवा

एकाच माणसाने सांभाळावी. मूळ कागद घरी ठेवा आणि झेरॉक्स घेऊन फिरा.

- मुलाच्या वयाचा पुरावा: शाळेचा दाखला किंवा जन्म दाखला. वय सिद्ध झालं नाही तर पोक्सोचा पायाच डळमळतो, म्हणून दोन्ही दाखल्यांवरची जन्मतारीख एकच आहे का, ते आजच बघा. फरक असेल तर तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लगेच सांगा.
- एफआयआरची प्रत
- वैद्यकीय अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं
- तुमची वही
- जप्ती पंचनाम्याची प्रत, पावत्या
- समितीचे आदेश, सहायक व्यक्तीच्या नेमणुकीचं पत्र
- मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, मुलाच्या नावाचं बँक पासबुक
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच
- समुपदेशकाकडच्या भेटींच्या तारखा

८. पैसा

प्रवास, औषधं, बुडालेली मजुरी यांचा भार लगेच जाणवतो. समिती तातडीच्या गरजांसाठी, म्हणजे अन्न, कपडे, प्रवास यांसाठी, विशेष मदतीची शिफारस करू शकते. ही रक्कम आठवडाभरात मिळायची असते. शिवाय विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम नुकसानभरपाई देऊ शकतं. शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तरीही भरपाई देता येते.

महाराष्ट्रात २०१३ पासून अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना आहे. तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असतं, तिथेच मोफत वकीलही मिळतो. पैसे मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारे लोक न्यायालयाच्या आवारात भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

९. तपास, जामीन आणि "मिटवून टाका"

तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो. दोषारोपपत्र दाखल झालं की प्रत मागा आणि वही घेऊन ताडून बघा.

आरोपीने जामिनासाठी अर्ज केला तर तुम्हाला कळवलं जायला हवं आणि तुमचं म्हणणं ऐकलं जायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पोक्सो प्रकरणांत तसे निर्देश दिले आहेत. आरोपी समोरच्याच चाळीत राहत असेल, धमक्या येत असतील, तर ते तारखांसह लेखी द्या. साक्षीदार संरक्षण योजनेखालीही अर्ज करता येतो.

या काळात नात्यातली, जातीतली, पक्षातली मोठी माणसं घरी येऊन बसतील. "मुलीच्या लग्नाचं बघा." "त्याचीही बायकापोरं आहेत." "एवढे घ्या आणि संपवा." पोक्सोतला गुन्हा आपसांत मिटत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने तडजोडीच्या आधारे रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आदेश फिरवला. बैठकीला मुलाला हजर ठेवू नका, आणि कोऱ्या कागदावर किंवा मुद्रांकावर सही करू नका.

मुलाची ओळख जपा. नाव, फोटो, शाळा, पत्ता, आईवडिलांचं नाव, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे आणि पालकांच्या परवानगीने ते वैध ठरत नाही. गावातले हितचिंतक मोर्चा काढतात, फलकावर मुलीचं नाव घालतात, त्यांचा राग खरा असतो. पण त्यांना हात जोडून थांबवा. ती मुलगी उद्या त्याच रस्त्याने शाळेत जाणार आहे.

१०. न्यायालयातली साक्ष

कायदा म्हणतो, न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उशीर होतो. म्हणून मुलाला प्रत्येक तारखेची कल्पना देत बसू नका. साक्ष नक्की होणार हे कळलं की मगच सांगा. परीक्षेच्या दिवसांत तारीख आली तर आधीच अर्ज द्या.

साक्षीच्या आधी एकदा मुलाला रिकामं न्यायालय दाखवून आणा. कोण कुठे बसतं, पडदा कुठे असेल, पाणी कुठे मिळेल, ते कळू दे. अशी तयारी करणं योग्यच आहे. मजकूर पाठ करून घेणं मात्र चूक.

तुमच्या हक्काच्या गोष्टी: बंद दाराआड सुनावणी, विश्वासाचं माणूस शेजारी, मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओद्वारे साक्ष, मधे मधे विश्रांती. दोन्ही बाजूंचे वकील आपले प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश ते मुलाला विचारतात. चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा, दरडावणारा प्रश्न चालत नाही. प्रत्यक्षात वकील थेट विचारू लागले तर सरकारी वकिलांनी ३३व्या कलमाची आठवण करून द्यायला हवी. म्हणून त्यांची आधीच भेट घ्या आणि पडद्याचा अर्ज आठवडाभर आधी देऊन ठेवा. आवारात आरोपीशी समोरासमोर गाठ पडते ती बहुधा बाहेर, चहाच्या टपरीजवळ किंवा जिन्यात. कुठल्या दाराने आत जायचं, हे पोलिसांशी ठरवून घ्या.

मुलाला तीन उत्तरं शिकवा: "मला आठवत नाही," "मला प्रश्न कळला नाही," "मला थांबायचं आहे." तिन्ही उत्तरं चालतात, हे त्याला माहीत हवं.

११. खटल्याबाहेरचं जगणं

झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं, अंगाला कुणाचा स्पर्श न सोसणं, किंवा काहीच न दिसणं. सगळंच होऊ शकतं. समुपदेशन साक्ष होईपर्यंत लांबवू नका. आईवडिलांनीही स्वतःसाठी मदत घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुलीची शाळा, खेळ, मैत्रिणी बंद करू नका. घरात कोंडली गेली की गुन्हा आपणच केला, असं तिला वाटतं. मुलग्याच्या बाबतीत "तो मुलगा आहे, विसरेल" असं म्हणून सोडून देऊ नका. मुलगे कमी सांगतात, पण त्यांना कमी लागलेलं नसतं. कपडे, केस, कोणाशेजारी बसायचं, अशा रोजच्या लहान गोष्टींत निवड मुलाच्या हातात द्या. त्याच्या शरीरावरचा त्याचा हक्क हिरावला गेला होता, तो असाच थोडा थोडा परत येतो.

१२. घरातली आणि शाळेतली बाकीची मुलं

एका मुलाने सांगितलं म्हणजे त्याच माणसाने इतरांनाही त्रास दिला असण्याची शक्यता असते. भावंडांना खोदून न विचारता, बोलायला वाव द्या.

केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. "अनोळखी माणसापासून सावध राहा" एवढीच शिकवण म्हणून तोकडी पडते. लहानपणापासून शरीराच्या सर्व भागांची खरी नावं शिकवा. पाहुण्याला पापी द्यायची, मांडीवर बसायची जबरदस्ती करू नका. मोठ्या माणसाने "आपलं गुपित, आईला सांगायचं नाही" म्हटलं की ते लगेच सांगायचं, हे वारंवार सांगा. तुमच्याखेरीज आणखी दोन-तीन मोठी माणसं मुलाला निवडू द्या, ज्यांना ते काहीही सांगू शकेल.

पण स्वतःला वाचवण्याची जबाबदारी मुलावर टाकू नका, ती मोठ्यांची आहे. शाळेत जाऊन विचारा: बाल संरक्षणाचं लेखी धोरण आहे का? शिपाई, बसचालक, कंत्राटी कर्मचारी यांची पोलीस पडताळणी झाली का? ती वेळोवेळी होते का? २०२० च्या नियमांनी दोन्ही बंधनकारक केलं आहे. स्वच्छतागृहाजवळ आणि बसमध्ये मुलींसोबत महिला कर्मचारी असते का? तक्रार आली तर पोलिसांना कोण कळवणार, त्या व्यक्तीचं नाव काय? "आमच्याकडे असं काही होत नाही," असं उत्तर मिळालं तर हेच प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारा आणि इतिवृत्तात त्यांची नोंद करून घ्या.